बाजेखालची शेगडी

पडेगावात बाळंतीण शेकायची तर सारजाबाईच. अंग चोळून झालं की ती बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, आणि तोंडानं चेष्टा चालूच. "कण्हती कशाला गं? नवऱ्याची आठवण आली व्हय?" बाळंतीण हसली की काम फत्ते.

आवडाबाई तिची जिवाभावाची. दोघी एकाच लग्नसराईत गावात नांदायला आलेल्या. आवडाबाईची द्वारका बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सारजाबाई न बोलावताच हजर झाली. घर नवं, स्लॅबचं, काचेच्या सरकत्या खिडक्यांचं. जुन्या पत्र्याच्या घरात फटीफटीतून वारा खेळायचा. इथं दार लोटलं की सगळं ठप्प.

"आवडे, शेकताना खिडकी उघडी पायजे. आन् माझ्यामागं शेगडी आत न्यायची नाय."

"पोरीला वारं लागंल की! निखाऱ्याला धूर तरी कुठं हाय?"

"धूर नसला तरी डोकं चढतं. माझं चढलंय एकदा. घे लेकीची शपथ."

"घेतली बाई! लई वटवट तुझी."

दुपारी शेकून झाल्यावर सारजाबाईनं शेगडी स्वतः अंगणात आणून ठेवली आणि घरी गेली. दिवस कलताना विसरलेली तेलाची वाटी न्यायला आली, तर अंगणात शेगडी नाही. आवडाबाई चुलीपाशी डिंक तळत होती. बाळंतिणीचं दार बंद, खालच्या फटीत गोधडी कोंबलेली.

सारजाबाईनं दार ढकललं. द्वारका ओकून निपचित पडली होती, हाकेला ओ देईना. बाळ मलूल. बाजेखाली निखारे लालभडक. तिनं आधी बाळ उचलून आवडाबाईच्या पदरात टाकलं, मग द्वारकाच्या बगलेत हात घालून तिला फरफटत अंगणात काढलं. "रिक्षा आणा रे कुणी!"

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर रात्रीपर्यंत दोघं सावरली. डॉक्टरीणबाई सकाळी आल्या त्या संतापूनच. "कोळशाचा विषारी वायू हा. दिसत नाही, वास येत नाही. खिडकी उघडी असली तरी खोलीत निखारे नकोतच. कुणी ठेवली शेगडी?"

निरोप मिळताच आलेली द्वारकाची सासू समोरच उभी होती. आवडाबाईनं बोट केलं. "हिनं. मी नको नको म्हणत होते."

सारजाबाईला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. ती बाजूच्या खाटेकडं वळली. "द्वारके, मी गेल्यावर शेगडी आत कुणी आणली गं?"

द्वारकानं बाळाचं टोपडं सारखं केलं. "मला गुंगी होती, मावशी."

"असल्या बाईला उंबऱ्याच्या आत घेऊ नये," सासू म्हणाली.

सारजाबाई बाहेर आली, तशी आवडाबाई मागोमाग. "सारजे, माझं नाव निघालं तर पोरीचं माहेर तुटंल. तुला काय? तुझ्या मागं-पुढं कोण हाय?"

"तुझी लेक ह्याच हातांनी पहिल्यांदा न्हाली, आवडे. आता मला कुणाची बाळंतीण मिळंल?"

आवडाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

सारजाबाई परत आत गेली आणि सासूपुढं उभी राहिली. "शेगडी मीच ठेवली समजा. पण पोरीला तुमच्याकडं न्याल तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. निखारा खोलीत नको. माहेरी ठेवलं तर तिथंबी नको."

"तू नको शिकवू आम्हाला!"

द्वारकानं मान वर केली, ओठ हलले, आणि तिनं मान पुन्हा खाली घातली. मागं आवडाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढा मात्र सारजाबाईला स्पष्ट ऐकू आला.