तीस लाईन आणि एक अपवाद

आमच्या एक्स्चेंजमधल्या ज्या पेटीतून तालुक्याचं इंटरनेट चालायचं, तिच्यावर तीस हिरवे दिवे होते. एका दिव्याला एक गिऱ्हाईक. एकतिसाव्याने नंबर फिरवला की त्याला एंगेजचा आवाज ऐकू यायचा आणि तो मला फोन करून बोलायचा. गिऱ्हाइकं दोनशे बारा होती. त्या पेटीची देखभाल माझ्याकडे होती.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. घरातल्या कॉम्प्युटरचा मोडेम आमच्या नंबरला फोन लावायचा, थोडा वेळ दोन्हीकडून किरकिर व्हायची आणि जोडणी व्हायची. जोडणी असेपर्यंत त्या घरचा फोन अडकलेला. बाहेरून कुणी फोन केला तर तो लागत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्या वर्षी जुलैमध्ये पेटीसाठी नवीन सॉफ्टवेअर आलं. एक सीडी आणि चौतीस पानांची इंग्रजी पुस्तिका. आमच्या ऑफिसात अशी पुस्तिका कुणी उघडत नसे. मी दोन दिवसांत पेन्सिलीने खुणा करत वाचून काढली. जुन्या सॉफ्टवेअरला एकच काम यायचं, आलेल्याला आत घ्यायचं. नव्याला बरंच काही येत होतं. दहा मिनिटं एखाद्या लाईनवरून काहीच गेलं-आलं नाही तर ते ती लाईन आपण होऊन सोडवणार होतं. एका नावाने एका वेळी एकालाच आत घेणार होतं. आणि कोण, कुठल्या नंबरावरून, किती वाजता आला, किती वाजता गेला, तेवढ्या वेळात किती मजकूर इकडून तिकडे गेला, हे सगळं लिहून ठेवणार होतं. एकोणिसाव्या पानावर आणखी एक सोय होती. एखाद्या नावाला यातून वगळायचं असेल तर ते अपवादाच्या यादीत घालता येत होतं. त्या पानावर मी खूण केली नव्हती.

सॉफ्टवेअर चढवण्याआधी मी आठ दिवस, सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाने दिवे मोजले. सरासरी सत्तावीस लाईन भरलेल्या असायच्या आणि त्यांतल्या अकरांवरून काहीही जात नसायचं. लोक नेट जोडून जेवायला जात होते. म्हणजे चाळीस टक्के लाईन नुसत्या अडवलेल्या. एका रविवारी सकाळी सात मिनिटं सगळं बंद ठेवून मी नवीन सॉफ्टवेअर चढवलं. पुढच्या आठवड्यात एंगेजच्या तक्रारी अठ्ठावीसवरून पाचावर आल्या. मला बरं वाटलं. मी ते आकडे वहीत लाल शाईने लिहिले.

पाचातली एक तक्रार पंचायत समितीच्या सभापतींची होती. सभापती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचे. त्यांच्या घरी समोरच्या खोलीत कॉम्प्युटर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची त्यांची पद्धत होती. पडद्याच्या कोपऱ्यातली दोन छोटी चित्रं लुकलुकत असली की ते पाहुण्याला सांगायचे, ‘ही बघा, थेट दिल्लीची लाईन चालू हाय.’ नेट वापरायला घरात कुणाला येत नव्हतं. सकाळी पुतण्या जोडून द्यायचा आणि कॉलेजला जायचा.

‘इंजिनेर, ही काय भानगड लावलीय?’ ते फोनवर म्हणाले. ‘पाव्हणे बसलेले असतात आन तुमची लाईन कटती.’

‘साहेब, दहा मिनिटं वापर नसला की ती सुटते. परत जोडायला एक मिनिट लागतं.’

‘वापर कावून न्हाई? चालू हाय म्हंजे वापरच हाय की.’

मी समजावून पाहिलं. तासाभराने माझ्या वरिष्ठांनी मला बोलावलं. ते हसत होते. ‘वगळ बे त्यांचं एक नाव. तिसातल्या एकानं काय आभाळ कोसळतंय? कंपनीनं सोय दिलीय ना तशी?’

सोय दिली होती, एकोणिसाव्या पानावर. मी नाव यादीत घातलं आणि रजिस्टरला नोंद केली, ‘वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून.’ नोंद केल्यामुळे काम नियमाने झालं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आता जूनमधली एक गोष्ट सांगतो. माझ्या घरापासून चौथं घर एका मेंढपाळाचं. गल्लीत सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याची मेंढरं त्या वर्षी सभापतींच्या वावरात बसवलेली होती. वावराला खत मिळायचं आणि मेंढरांना जागा. आबाची मुलगी बारावीला अडुसष्ट टक्क्यांनी पास झाली होती आणि तिने जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंगच्या कोर्सला अर्ज भरायचा ठरवलं होतं. अर्ज घेऊन दोघं माझ्याकडे आले. फोन नंबरच्या रकान्यावर पेन अडकलं होतं.

‘तुमचा टाकू का, इंजिनेर?’ आबाने विचारलं.

माझ्या घरात खात्याचा फोन होता, ऑफिसच्या कामासाठी दिलेला. मी म्हणालो, ‘आबा, तो सर्व्हिसचा फोन आहे. खाजगी कामाला देता येत नाही. नियमात बसत नाही.’

‘बरं,’ आबा म्हणाला. त्याला राग आला नाही. नियम म्हटलं की तो गप्प बसायचा.

मीच सुचवलं, सभापतींचा द्या. त्यांच्या घरी कायम कुणीतरी असतं. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहीत. अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिकांवर तसंच असायचं. सभापतींचा नंबर मी माझ्या अक्षरात लिहिला आणि कंसात पी.पी. घातलं. नंतर कधीतरी मी तो नियम काढून वाचला. येणाऱ्या फोनबद्दल त्यात एक ओळही नव्हती. माझी बायको त्याच फोनवर दर रविवारी माहेरचा फोन घ्यायची, हेही लिहायला हवं.

मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत चौथं लागलं. आदल्या वर्षी यादीतल्या सहाजणींना बोलावणं आलं होतं, असं तिने स्वतः जाऊन विचारून आणलं होतं. म्हणजे आशा धरण्यासारखा आकडा होता. जागा रिकामी झाली की फोन करून बोलावतील, त्याच दिवशी होकार द्यायचा, असं तिथे सांगितलं होतं.

आबाने त्याच्या परीने मुदत घातली. ‘कडा गावाकडचं स्थळ आलंय. पोरगा ऊसतोडीला जातो, घरचे बरे हायेत. मी नारायणगडाला जाऊन देवापुढं बोलून आलोय. पोळ्यापर्यंत फोन आला तर पोरगी शिकंल. न्हाई आला तर लगीन.’

मुलीला अजून अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते. मी ते बोललो. आबा म्हणाला, ‘चार महिन्यांनी काय पोरगी बदलती का?’

ती रोज सकाळी पाणी भरून झाल्यावर सभापतींच्या फाटकाशी जायची. ‘काकू, फोन आलता का?’

‘न्हाई गं बाई. आला की बोलावीन की तुला.’ काकू खोटं बोलत नव्हत्या. फोन खरंच वाजत नव्हता.

पोळ्याच्या आठवडाभर आधीचा गुरुवार मला नीट आठवतो. दुपारी अडीचला मी दिवे मोजले. बावीस भरलेले. पडद्यावर यादी काढली तर सभापतींचं नाव चार तासांपासून वर होतं आणि पुढे मजकुराचा आकडा जवळजवळ शून्य. त्या नावापुढे एक आज्ञा टाइप केली असती तर लाईन सुटली असती. चार अक्षरांची आज्ञा होती. मी बोट बटणावर ठेवलंही. मग वरिष्ठांचं हसणं आठवलं आणि मी पुढच्या कामाला लागलो. मुलीचा फोन आणि ही लाईन एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पण एक घरची होती आणि दुसरी ऑफिसची, आणि मी त्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कड्याचे पाहुणे आले आणि सुपारी फुटली. त्यानंतर पाच दिवसांनी आबा एक पाकीट घेऊन माझ्या दारात उभा राहिला. ‘वाचा बरं, काय म्हणत्यात.’

पत्र चार ओळींचं होतं. आपल्या अर्जावरील दूरध्वनीवर गुरुवारी सकाळी ११.२०, दुपारी १.०५ आणि ३.४० वाजता संपर्क साधला असता लाईन व्यस्त होती. सबब जागा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात आली आहे.

मी मोठ्याने वाचलं. आबा म्हणाला, ‘म्हंजे नशिबात नव्हतं. सभापतींच्या घरचा फोन म्हंजे बिझीच असणार. मोठ्या माणसाला लई फोन येत्यात.’ आणि पत्र घडी करून टोपीत घालून तो मेंढरांकडे गेला.

मी ऑफिसला जाऊन त्या गुरुवारची नोंद काढली. नव्या सॉफ्टवेअरने चोख लिहून ठेवलं होतं. जोडणी सकाळी १०.१२. सुटली संध्याकाळी ४.४७. सहा तास पस्तीस मिनिटं. सकाळच्या पहिल्या सहा मिनिटांनंतर नावापुरताही मजकूर गेला नव्हता. मी कागदावर हिशोब केला. अपवाद घातला नसता तर लाईन १०.२८ ला सुटली असती. ११.२० ला फोन वाजला असता. तिन्ही वेळा वाजला असता.

नोंद छापून घेतली आणि यादीतून सभापतींचं नाव काढलं. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी परत घालायला सांगितलं. मी घातलं. पुढे पेटीच बंद झाली, तोपर्यंत ते नाव तिथेच होतं.

मुलीला मी नळावर गाठलं. आणखी कुणी नव्हतं. तो कागद दाखवला, कुठला आकडा कशाचा ते सांगितलं. तिला लगेच कळलं. गणितात तिला ब्याऐंशी होते.

‘मग चूक कुणाची, काका?’

‘माझी. नाव मी वगळलं होतं. आबाला मी सांगतो. अजून लग्न मोडता येईल, पुढच्या वर्षी अर्ज करता येईल.’

तिने हंडा नळाखालून बाजूला घेतला. ‘आबाला सांगू नका. आबा सभापतींच्या दारात जाऊन भांडंल. मेंढरं त्यांच्याच वावरात हायेत. दोनशे मेंढरं घेऊन आमी कुठं जायचं?’

मी कागद घडी करून खिशात ठेवला. ती हंडा डोक्यावर घेताना म्हणाली, ‘तुमच्या घरी तर फोन होता की, काका.’

लग्न आबाच्या दारातल्या मांडवातच, दुपारी साडेबाराला लागलं. सभापती आले होते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, ‘इंजिनेर, आता झ्याक चालतंय नेट. एकदाबी कटलं न्हाई.’ त्या दिवाळीनंतर ती नवऱ्यासोबत कोयता घेऊन कर्नाटकात गेली. आबा पुढे सहा वर्षांनी वारला, तोपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे. त्यावरची शाई आता इतकी फिकी पडली आहे की वेळा वाचता येत नाहीत, पण त्या मला पाठ आहेत.

गेल्या जूनमध्ये मी युसूफ वडगावला एका कामासाठी गेलो होतो. बाजारात एका बाईने हाक मारली, ‘काका.’ मी ओळखलं नाही. अंगाने अर्धी झालेली, पुढचे दोन दात नव्हते. माझ्याहून मोठी वाटली असती, पण ती आबाची मुलगी होती, अजून चाळिशीलाही न पोचलेली. सोबत तिची मुलगी होती. बारावी झालेली, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

‘नर्सिंगचा फॉर्म भरायचाय,’ ती म्हणाली. ‘मोबाईल नंबर लागतो. त्यावरच समदं येतं म्हणत्यात. आमचा नंबर दर हंगामाला बदलतो, रिचार्ज संपलं की बंद. तुमचा किती वर्षांपासून हाय?’

‘सतरा.’

‘बदलणार न्हाई ना?’

‘नाही.’

मुलीने नंबर लिहून घेतला आणि वाचून दाखवला. मी तो पुन्हा वाचायला लावला. दहाही आकडे बरोबर होते. आईने तिसऱ्यांदा स्वतः पाहिले. जुन्या गोष्टीबद्दल तिने काही विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

पहिल्या यादीत मुलीचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं. प्रतीक्षा यादीत तिचा नंबर नववा आहे. आदल्या वर्षी किती जणींना बोलावलं होतं ते मी जाऊन विचारून आलो. पाच. घरी स्थळं यायला लागली आहेत, असं तिच्या आईने मागच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून सांगितलं.

मी फोन बंद करत नाही. आंघोळीला जाताना तो बायकोच्या हातात देतो. अनोळखी नंबर आला की पहिल्याच रिंगला उचलतो. बहुतेक वेळा प्लॉट नाहीतर विमा विकणारे असतात. त्यांना ‘नको’ एवढंच म्हणतो आणि लगेच ठेवतो, तेवढ्यात दुसरा कुणी फोन लावत असेल म्हणून.