ठोशाला सामोरं

समजा, तुमच्या दोन्ही हातांत पोळपाटाएवढी दोन पॅडं आहेत. वरून रेक्झिन, आत फोम, मागच्या पट्ट्यात तुमचा पंजा अडकवलेला. समोर एक मुलगी उभी आहे. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांपाशी. तुम्ही "एक" म्हणालात की डावी मूठ येणार, "दोन" म्हणालात की उजवी, आणि "पाय" म्हणालात की कमरेच्या उंचीवर लाथ. तुम्हाला मारायचं नाही आणि चुकवायचंही नाही. ठोसा जिथं हवा तिथं पॅड धरायचं आणि तो येईपर्यंत डोळे उघडे ठेवायचे, एवढंच काम. पहिल्या दिवशी तुमची मान आपोआप मागं जाईल. मग मनगटं दुखतील. पुढं कधीतरी लक्षात येईल की मूठ सुटण्याआधी समोरच्याचा खांदा किंचित हलतो आणि तो हलला की तुमचाही हात निघतो. तो कुठवर जातो, हे मात्र तुमच्या लक्षात येणार नाही. शिरपूरच्या इंद्रभानच्याही ते लक्षात आलं नव्हतं, आणि तो तर अर्धं आयुष्य हेच काम करत आला होता.

इंद्रभान मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. शिरपूर जैनच्या बसथांब्यापासून थोडं पुढं, पत्र्याच्या टपरीत त्याचं मशीन आहे. ज्या गाडीची सीट उन्हानं तडकली किंवा मांजरानं ओरबाडली, ती गाडी त्याच्याकडं येते. तरुणपणी तो अकोल्याला एका मोठ्या दुकानात हेच काम करायचा. दुकानाच्या मागं उदयसिंग नावाचा एक माणूस पोरांना बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग शिकवायचा. त्याची फाटलेली पॅडं शिवायला इंद्रभानकडं यायची. एकदा ती परत द्यायला गेला, तर पॅड धरणारा पोरगा आलेला नव्हता.

"शिवून देतं तं धरूनबी पाह्य," उदयसिंग म्हणाला.

इंद्रभाननं धरलं. पहिला ठोसा आला तसा त्यानं हात मागं घेतला. आजूबाजूची पोरं हसली. उदयसिंग हसला नाही. त्यानं विचारलं, "घरी पाव्हना आला तं तू मांगच्या दारानं पयतं का?"

"नाई."

"काय करतं?"

"सामोरं जातो."

"मंग ठोशालेबी सामोरं जाय."

हे त्याला पटलं. आपल्याकडं लग्नात नवरदेवाकडच्या गाड्या आल्याचं कळलं की मुलीकडची माणसं वेशीपर्यंत सामोरी जातात. दारात उभं राहून "या" म्हणणं बरं दिसत नाही. इंद्रभाननं पुढच्या ठोशाला हात जरा पुढं केला आणि पॅडचा असा आवाज निघाला की गल्लीतल्या पानवाल्यानं मान वळवून पाहिलं. त्या आवाजानं मारणारा पोरगाही सुखावला. आपल्या हातात एवढी ताकद आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

लग्नानंतर इंद्रभान गावी आला आणि विहाराच्या मागच्या सिमेंटच्या ओट्यावर संध्याकाळी पोरांना शिकवू लागला. पॅडं त्यानं स्वतःच शिवली. सीटचा जाड फोम घातला, म्हणून ती बाजारातल्या पॅडांपेक्षा फुगीर झाली. पायांची, म्हणजे लाथा झेलायची, लांबट पॅडं केली, कोपरापासून मनगटापर्यंत बांधायची. सगळ्या आयुष्यात त्यानं स्वतः कुणाला एक ठोसा मारलेला नाही. त्याला कुणी "सर" म्हटलं तर तो मागं वळून बघायचा, कोण आलं म्हणून. नवीन पोराला तो पहिल्यांदा आवाज काढून दाखवायचा. आवाज निघाला की पोरगं दुसऱ्या दिवशी येतं, हे त्याला ठाऊक होतं.

साक्षी अशीच आवाजासाठी आली. नरेंद्र आटोवाल्याची मुलगी. शाळेतून येताना ओट्यापाशी थांबून बघायची. एक दिवस दप्तर ठेवून पुढं झाली आणि तिचे पहिले दोन्ही ठोसे हवेत गेले.

"मामा, पॅड धरून राह्यले का पंखा हालवून राह्यले?"

"तू मार, माय. छान हवा लागून राह्यली," इंद्रभान म्हणाला.

तिसरा लागला, आणि फाटकन आवाज झाला. त्यानंतर ती कधी चुकली नाही. बाकीची पोरं येत गेली, दहावीनंतर पांगत गेली. साक्षी राहिली. तिच्या हातात घाई नव्हती, आणि लाथ मारताना तिचा उभा पाय अंगठ्यावर असा फिरायचा की इंद्रभानला मशीनचं चाक आठवायचं. अकोल्याहून उदयसिंगचा फोन आला की इंद्रभान दुसरं काही बोलायचा नाही.

"पोट्टी चांगली हाये," तो म्हणायचा.

"किती चांगली?"

"आनीन ना तिकडं, तवा पाह्यजा."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे ते साक्षीचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. वाशीमला जिल्ह्याची स्पर्धा, मग अमरावतीला विभागाची. अमरावतीला जिंकली तर राज्याच्या संघात जागा आणि पुण्याच्या निवासी केंद्रात प्रवेश. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच. नरेंद्रनं टपरीवर येऊन सरळच सांगितलं होतं.

"इंद्रभानदादा, यंदाचं साल देतो तिले. झालं तं पुन्याले जाईन, माही ना नाई. नाई झालं तं माह्या बहिनीनं वाशीमले कपड्याच्या दुकानात जागा पाहून ठेवली हाये. मंग मले काही म्हनजा नोको."

"होईन," इंद्रभान म्हणाला.

"तुमी तं समद्याइलेच होईन म्हनता."

"समद्याइले म्हनतो. हिच्या बाबतीत खरं म्हनून राह्यलो."

आता इंद्रभानच्या खांद्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. त्याचा उजवा खांदा साक्षी यायला लागली त्याच्या पुढच्याच वर्षी धरला. शर्ट घालताना हात वर जाईना. वाशीमच्या डॉक्टरांनी आराम सांगितला. त्याची बायको केशरबाई रोज तेल चोळून द्यायची आणि चोळताना बोलायचीही. पण ओटा बंद झाला नाही.

ठोसा सगळ्यात जड असतो तो शेवटी, हात जवळजवळ सरळ झाला की. त्याच्या आधीच तो पॅडवर झेलला तर आवाज तेवढाच येतो, पण झेलणाऱ्याच्या खांद्याला झटका कमी बसतो. हे इंद्रभाननं कधी मुद्दाम ठरवलं नाही. खांद्यानंच परस्पर ठरवून टाकलं. सामोरं जाणारं पॅड रोज केसभर आणखी सामोरं जाऊ लागलं. ओट्यावर आवाज पहिल्यासारखाच घुमत होता आणि सगळ्यांची भिस्त आवाजावर होती.

वाशीमला साक्षी जिंकली. तिची प्रतिस्पर्धी बुटकी आणि तापट होती, सारखी अंगावर धावून यायची. जी आपणहून अंगावर येते तिला ठोसा लागायला अंतर लागत नाही. नरेंद्रनं ते पदक आटोच्या आरशाला लटकवलं आणि रिठदपर्यंतच्या सवाऱ्यांना, कुणी विचारलं नाही तरी, सांगितलं.

अमरावतीला समोर आली ती यवतमाळकडची उंच मुलगी. तिला धावून यायची सवय नव्हती. साक्षीनं हात उचलला की ती एक पाऊल मागं व्हायची, फार नाही, एकच. साक्षीचे ठोसे सुंदर सुटत होते. बघणाऱ्याला वाटावं, आता लागला. आणि प्रत्येक ठोसा त्या मुलीच्या नाकासमोर येऊन थांबत होता. लाथ मारली तर नडगी लागायची तिथं पायाची बोटं लागली, आणि साक्षीनं ओठ आवळला. कोपऱ्यात उभा असलेला इंद्रभान ओरडत होता, "लांब मार, साक्षी, लांब मार." तिनं एकदा वळून त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही, आणि आता तो नीट आठवतही नाही. शेवटी पंचानं त्या दुसऱ्या मुलीचा हात वर केला.

उदयसिंग आला होता. म्हातारा झाला होता, काठी घेऊन खुर्चीवर बसून त्यानं सगळं पाहिलं. साक्षी कपडे बदलायला गेली तेव्हा त्यानं इंद्रभानला बाहेर लिंबाखाली बोलावलं.

"पोट्टी खरंच चांगली हाये," तो म्हणाला.

"मंग हारली काहून?"

"मी तिले नाई, तुले पाहून राह्यलो होतो. कोपऱ्यात उभा राहून तू रिकाम्या हातानं पॅड धरत होता. तिनं मारलं की तुहे हात पुढं. इतले पुढं." त्यानं काठी काखेत धरून दोन्ही तळव्यांनी अंतर दाखवलं. "तिचा हात चार बोटं कमी पडते. कारन ते चार बोटं रोज तू चालून जाऊन राह्यला."

"तुमीच सांगतलं होतं ना, सामोरं जाय."

"दोन बोटं सामोरं जाय म्हनलं होतं, लेका. तू तं वेशीपर्यंत गेला."

इंद्रभानला दोन बोटांचं काही आठवत नव्हतं. सामोरं जाय, एवढंच आठवत होतं. त्यानं विचारलं, "सवय मोडन का?"

"मोडन ना. एक साल दे." उदयसिंगनं काखेतली काठी पुन्हा हातात घेतली. "हाये का साल?"

साल नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं.

परतीच्या गाडीत साक्षी खिडकीशी बसली. "माहे पाय कमी पडले, मामा," ती एकदा म्हणाली. इंद्रभाननं सांगायला तोंड उघडलं आणि "पानी पी" म्हणाला. कारंज्याला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरून दोन चहा घेऊन आली आणि त्याचा कप तिनं त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं तो घेतला आणि प्यायला. उजवा हात कप धरून लटपटतो हे हिला कसं माहीत, असा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही.

तो पडला दुसऱ्या दिवशी, घरी. केशरबाई भाकरी थापत होती आणि तो तिला उदयसिंग काय म्हणाला ते सांगत होता. वेशीपर्यंत गेलो म्हने, चार बोटं म्हने, समदा माहाच घोळ. केशरबाईचा हात परातीत थांबला.

"तुमचा एकल्याचा नसन," ती म्हणाली.

"म्हनजे?"

"म्या सांगतलं होतं तिले."

"काय सांगतलं?"

"होळीच्या आंगंमांगं आली होती ना ती, तुमी नोयते घरी. म्या म्हनलं, मामाचा खांदा रातभर ठनकते, माय. जराक सांभाळून मारत जाय."

"मंग? ती काय म्हने?"

"काई नाई. हाव म्हने." तवा तापून धुरकटला होता, तो तिनं खाली घेतला. "मले काय मालूम, बाप्पा, असं होते म्हून."

इंद्रभान तिच्यावर रागावला नाही. रागवायला त्याला जागाच सापडली नाही. जेवण न करता तो टपरीवर गेला आणि दिवसभर एक कव्हर उसवत आणि शिवत बसला.

आता ओटा रिकामा असतो. संध्याकाळी त्यावर गावातली माणसं सोयाबीनचे भाव बोलत बसतात. खांदा आता छातीच्या वर जात नाही, म्हणून नवीन पोरं आली तरी इंद्रभान त्यांना परत पाठवतो. हातांची पॅडं उसवून त्यातला फोम त्यानं एका शेतकऱ्याच्या गाडीच्या सीटमध्ये घातला. पायांची पॅडं टपरीत आहेत, गिऱ्हाईक आलं की टेकायला. एकदा दुपारी कुणी नाही असं बघून त्यानं त्यातलं एक खिळ्याला टांगलं आणि आयुष्यातला पहिला ठोसा मारायला हात उचलला. हात अर्ध्यावरच आला. त्यानं पॅड काढून जागेवर ठेवलं.

साक्षी सकाळी बापाच्या आटोतून वाशीमला जाते. दुकानात साड्या उलगडून दाखवते आणि घड्या घालून ठेवते. टपरीपाशी आटो हळू झाला की ती वाकून विचारते, "मामा, खांदा कसा हाये?"

"बरा हाये, माय."

"तेल लावत जा."

"हाव."

आटो जातो. आरशाचं पदक नरेंद्रनं काढलेलं नाही, पण ते आता काळं पडलंय आणि सवाऱ्या त्याबद्दल विचारत नाहीत.

चूक आपल्या पॅडाची असती तर इंद्रभाननं ती पदरात घेतली असती. तेवढं त्याला जमलं असतं. पण तिनं ते "हाव" खरंच पाळलं असेल तर? रोज संध्याकाळी, मामाला लागू नये म्हणून, एवढासा हात मागं ठेवला असेल, आणि ठेवता ठेवता हाताला तेच वळण पडलं असेल तर? हे एकट्या साक्षीलाच सांगता येईल. आणि तिला विचारावं, तर आपण हरलो कशानं हे तिला त्या क्षणी कळणार. आज ती खांद्याची चौकशी करते. तेव्हा काय करेल, हे त्याला माहीत नाही. म्हणून तो विचारत नाही. पण मशीनवर बसला की चाकासोबत त्याच्या डोक्यात तेच फिरत राहतं: साक्षीचा हात चार बोटं कमी पडला, तो माझं पॅड सामोरं गेलं म्हणून, की तिनंच तो आखडता घेतला म्हणून?