हणमाचा पहारा

गजराआक्काचा डोळा लागतोय की नाही, हे तिचं तिलाच सांगता येत नाहीये. दुपार कलली आहे. सोप्यात घोंगडी टाकून ती कुशीवर पडली आहे आणि बाहेर रस्ता झाडणाऱ्या बायकांचे खराटे खरखरताहेत. आज गावात आठवणफेरी. अशा दिवशी म्हाताऱ्या माणसानं झोपेचं सोंग घ्यावं, म्हणजे कुणी काही विचारायला येत नाही. हा तिचा जुना डाव. पण सोंग घेता घेता खरीच गुंगी येईल, हे काही तिनं धरलेलं नाही.

आठवणफेरी ही त्या गावाची स्वतःची रीत. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे परत न आलेलेही गावाच्या मानानं बरेच. वर्षातून एकदा उन्हं उतरली की सगळं गाव शाळेपासून ओढ्यापलीकडच्या स्मृतिस्तंभापर्यंत चालत जातं. हलगी नाही, घोषणा नाही, पुढाऱ्याचं भाषण तर नाहीच नाही. ज्या घरचा जवान गेला, त्या घरासमोर फेरी थांबते. निवृत्त सुभेदार मोहिते, म्हणजे गावाचे अण्णा, टाचा जुळवून त्याचं पूर्ण नाव पुकारतात. घरातून कुणीतरी ‘हजर’ म्हणतं, हार घातलेला फोटो छातीशी धरून उंबऱ्याबाहेर येतं आणि सगळ्यांबरोबर चालू लागतं.

गजराआक्काच्या दारात मात्र हे कधी घडलेलं नाही. तिचा हणमंत वर बर्फात गेला. पेटी आली ती बंद, आणि उघडू नका असं बरोबरच्या साहेबानं हात जोडून सांगितलं. नवरा आधीच गेलेला, अडून बसायला कुणी नव्हतं, आणि लेकाचं तोंड न बघताच सरण पेटलं. त्यानंतरच्या फेरीला अण्णांनी नाव पुकारलं, तर हिनं दार लावून घेतलं. “ज्याचं तोंड बघितलं न्हाय त्याच्या नावानं मी हजर म्हनू? त्यो काय मुका हाय? यील तवा त्याचा त्यो म्हनंल.” तेव्हापासून अण्णा दरसाल नाव पुकारतात, वाट बघतात, लावलेल्या दाराला हात जोडतात आणि पुढे जातात. गाव एका शब्दानं तिला बोललेलं नाही.

बोलली ती यंदा तिची लेक. वैजयंता सासरहून मुद्दाम आली आहे आणि सकाळीच तिनं सांगून टाकलं, “आये, यंदा मी म्हननार हजर. माझा भाऊ हाय त्यो.” त्यावर “माझ्या देखत? म्हनून तर बघ,” एवढं बोलून गजराआक्कानं जे तोंड फिरवलं, ते अजून फिरवलेलंच आहे. आतल्या खोलीत वैजूनं फोटोला हार घालून ठेवला आहे, त्या निशिगंधाचा वास सोप्यापर्यंत येतोय. गजराआक्का डोळे घट्ट मिटून घेते.

खराट्यांची खरखर वाढते. वाढता वाढता ती पट्ट्याची होते, पट्टा गरगर फिरतोय, आणि गजराआक्का धोंडिबाच्या गिरणीत ज्वारीचा डबा पुढ्यात घेऊन बसली आहे. ही गिरणी कधीच बंद पडली, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण तिला त्याचं काही वाटत नाही. दळण लवकर व्हावं एवढंच वाटतं. गिरणीत धोंडिबा नाही. पीठ मात्र उडतंय, तिच्या पदरावर, डब्यावर, उंबऱ्यावर बसतंय.

“अगं बाई, पीठ एवढं गार कसं?” ती म्हणते आणि पाय आखडून घेते.

गिरणीच्या दारातून मारुतीचा पार दिसायला हवा. तिथं पांढरा उतार आहे, वर वर चढत गेलेला. उतारावर शाळेतली चिंच उभी आहे, चिंचांनी लगडलेली, आणि चिंचेखाली बंदूक धरलेला एक गडी.

“थांब! कोण आहे तिकडं?” तो ओरडतो.

“तुझी आये. दुसरं कोन यील हितं मरायला?”

“आये, हळू बोल. ड्युटीवर हाय मी.”

आवाज त्याचाच. घोगरा, शेवटाला जरासा चिरकणारा. गजराआक्का डबा तसाच टाकून निघते. चालताना दम लागत नाही, गुडघेही कुरकुरत नाहीत, याचाच तिला थोडा राग येतो, कारण एवढी वर्षं मग ते कशाला कुरकुरत होते? तो डोळ्यांपर्यंत माकडटोपीत गुंडाळलेला आहे.

“टोपी काढ. तोंड बघू दे.”

“हात बंदुकीवर हायत.”

“मंग मी काढते.”

ती हात पुढे करते आणि हातात एसटी स्टँडाचा खांब येतो. याच खांबाला टेकून तो दर सुट्टीच्या शेवटी उभा राहायचा. आताही उभा आहे, पण न टेकता. फलाटावर बर्फ आहे, बाकड्यांवर बर्फ आहे, एक गाडी लागली आहे आणि तिच्या पाटीवर गावाचं नाव लिहिलेलं नाही. माणसं मुकाट्यानं चढताहेत.

“बस की जरा बाकड्यावर,” गजराआक्का म्हणते.

“बसता येत न्हाय. बदली आली न्हाय.”

“म्हंजे?”

“पहाऱ्यावरचा गडी असा उठून जात न्हाय, आये. दुसरा येतो, म्हनतो मी हाय आता हितं. मंग पयल्यानं पाय हालवायचा.”

“आन तुझा दुसरा कुठं मेला?”

हणमा मान वळवतो. गाडीत चढणाऱ्यांकडे बघत राहतो.

“अण्णा दरसाल बोलवत्यात. मला हितं ऐकू येतं. पन घरातनं कुनी काय बोलत न्हाय. मंग मी ऱ्हातो उभा.”

तो हे तक्रार म्हणून सांगत नाही. कालवणात मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या साधेपणानं सांगतो. तो भांडला असता तर गजराआक्का भांडली असती, त्यात ती कुणाला हार जायची नाही. पण याच्याशी भांडायचं तरी कशावरून? दार लावून आपण लेकाची घरातली जागा राखतोय, अशी तिची समजूत. आणि हा तिकडे उघड्यावर ताटकळत उभा.

“मी हजर म्हनलं, तर तू जाशील?”

“व्हय.”

“कुठं?”

“म्होरं. बाकीची समदी चालत गेली की. त्यांच्या मागनं.”

“मंग न्हाय म्हनत मी!” ती खांब घट्ट धरते. “ऱ्हा हितंच. कुठं हायस त्ये तरी ठावं ऱ्हाईल मला.”

हणमा तिच्याकडे बघतो.

“बरं,” तो म्हणतो. “ऱ्हातो.”

लहानपणी या पोरानं कधी बरं म्हटलं नाही. पाणी आण म्हटलं तर थांब की, जेवायला ये म्हटलं तर थांब की. हा शब्द त्याला फौजेनं शिकवला असणार, आणि त्याबद्दल फौजेला चार शिव्या द्याव्यात असं गजराआक्काला वाटतं. तिला रडू येतंय. ते दाबून ती विचारते, “पाय दुखत्यात का रं?”

“न्हाय. कळतच न्हाईत.”

“काढ त्ये बूट.”

“आये, ड्युटीवर...”

“तू ऱ्हा की उभा. मी काढते. एकेक पाय उचल, म्हस उचलती तसा.”

तो हसतो. टोपीच्या आत हसतो, पण तिला कळतं. ती खाली बसते, तर समोर तिची चूल आहे, जाळ पेटलेला, आणि बर्फ पार खिडकीच्या कडेपर्यंत आलेला. त्याचे बूट चकचकीत आहेत. त्यात चुलीचा जाळ दिसतोय.

“बर्फात कुनाला दाखवायला पालिश केलंस?”

“सवय.”

नाड्या आखडलेल्या आहेत. तिची बोटं घसरतात, पुन्हा धरतात, आणि शेवटी बूट निघतो. मोजा निघतो. पाऊल काळंनिळं पडलंय. गजराआक्का ते मांडीवर घेते आणि तशीच थांबते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे. जन्मतःच तसं होतं. ते सरळ व्हावं म्हणून बाळंतपणापासून तिनं रोज तेल लावून चोळलं, दोऱ्यानं बांधून ठेवलं, पण त्या बोटानं काही तिला दाद दिली नाही. ती त्या बोटावरून अंगठा फिरवते.

“तूच हायस.”

“मंग कोन असनार?”

“पेटीत तूच हुतास.”

“व्हय, आये.”

मग गजराआक्का रडते. सरणापाशी रडली नव्हती, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता कोरडी उभी राहिली होती, कारण कुणासाठी रडायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. ती ओरडून, नाक पुसत, त्याच्या नडगीवर कपाळ टेकून रडते आणि तो बंदूक धरून ताठ उभा राहतो, मधूनच म्हणतो, “आये, अगं आये.” एवढी वर्षं तिनं तोंड दाखवा म्हणून हट्ट धरला. पाय दाखवा, हे ना तिला सुचलं ना कुणाला.

“वैजीचं पोरगं केवढं झालं?” तो विचारतो.

“शाळंत जातंय. तुझ्यावानी खोड्याळ हाय.”

“आन तांबडी गाय?”

“म्हातारी झाली. माझ्यासंगं बोलत बसती.”

ती पाऊल चुलीपुढे धरते. ऊब लागत नाही. पदरात गुंडाळते, तोंडाची वाफ देते, दोन्ही तळव्यांनी चोळते. पाऊल गार ते गारच. ओढ्याला धुणी धुताना एका जागी उभं राहून तिचेही पाय असे बधिर व्हायचे, आणि काठानं चार पावलं चालल्याशिवाय त्यात जीव यायचा नाही. हे तिला माहीत आहे. कुणीच सांगायला नको. तरी ती आणखी थोडा वेळ चोळत राहते, कारण तिला ते पाऊल सोडवत नाही.

मग ती मोजा चढवते. बूट चढवते. नाडी ओढते.

“घट्ट झालं का रं?”

“जरा सैल ठेव,” हणमा म्हणतो. “लांब जायचंय.”

ती सैल करते. दुसऱ्या पायाची नाडी सुटलेली नाही, तरी तीही पुन्हा बांधते. वरून टोपी सरकल्यासारखा आवाज येतो, आणि तो म्हणतो, “बघतीस न्हवं तोंड?”

“थांब की,” गजराआक्का म्हणते. “गाठ मारू दे आधी.”

“शिपाई हणमंत बाबुराव साळुंखे!”

हाक स्टँडाच्या भोंग्यातून येते, गिरणीतून येते, चुलीच्या जाळातून येते. बूट एकमेकांवर आपटून जुळतात. हणमा श्वास रोखून उभा आहे, पण बोलत नाही. तो स्वतः उत्तर देऊ शकत नाही. त्याचा तो म्हणेल, म्हणून आपण एवढी वर्षं वाट बघितली, आणि तेवढं एकच त्याला करता येत नाही. तो आईकडे बघतोय. ती वर बघते, तर डोळ्यांवर लख्ख ऊन.

ती घोंगडीवर उठून बसली आहे. उतरती उन्हं दारातून थेट सोप्यात आली आहेत. दाराची एक फळी उघडी आहे आणि तिथं वैजू फोटो घेऊन उभी आहे, पाठमोरी, खांदे आक्रसलेली. बाहेर सगळं गाव गप्प उभं आहे. अण्णांनी नाव पुकारलं आहे आणि ते वाट बघताहेत. वैजू श्वास घेते.

“थांब, वैजे.”

वैजू दचकून वळते. आई आता फळी लावून घेणार, चारचौघांत तमाशा होणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. “आये, आजच्या दिवस तरी...” ती म्हणते. गजराआक्का उठते. गुडघे कुरकुरतात. ती लेकीच्या हातून फोटो ओढून घेते, हारासकट दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि बंद असलेली दुसरी फळी पायानं ढकलते.

“हजर!”

आवाज पार ओढ्यापर्यंत जातो. रानातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसा. पुढे उभी असलेली पोरं मागे सरकतात. अण्णांचा हात सलामीला वर जातो आणि तिथंच राहतो. त्यांना पुढची आज्ञा द्यायची आहे, पण तोंडून निघते ती हाकच.

“वैनी...” ते कसंबसं म्हणतात.

“चला अण्णा. लई उभं केलं त्याला.”

ती उंबरा ओलांडते. चपलाही घालत नाही. फेरी हलते, शेकडो पावलं धुळीत पडू लागतात, आणि वैजू डोळे पुशीत आईच्या चपला हातात घेऊन मागून धावते. शेजारी येऊन ती आईचा दंड धरते आणि तिची नजर फोटोवर जाते. हार तिनंच सकाळी ओवला आहे, पांढरा स्वच्छ. आता आईनं जिथं जिथं धरलंय, तिथं फुलांवर बोटांचे काळे ठसे उमटले आहेत. नखांतही काळं आहे. वैजू वाकून वास घेते आणि चालता चालता थबकते. घरात तसली डबी हणमा गेल्यापासून आलेली नाही.

“आये, हाताला काय लागलंय ह्ये?”

गजराआक्का हाताकडे बघत नाही. ती समोर बघतेय, वळणापलीकडे, जिथं रस्ता ओढ्याकडे उतरतो.

“बुटाचं पालिश,” ती म्हणते. “पाय उचल, वैजे. त्यो लांब गेला आसंल.”