काखेतली सुई

टीव्हीवर युरोपातली सायकल शर्यत चालू होती. वर्षानुवर्षं जिंकणाऱ्या संघाचे चौघे डोंगराचा उभा चढ एका रांगेत चढत होते. बाकीच्यांची तोंडं वासलेली, माना लोंबलेल्या. या चौघांची तोंडं मात्र मिटलेली, जणू सायकलवरून दळण आणायला निघालेत.

तरुणपणी घाटातल्या शर्यती मारलेला माझा दादा म्हणाला, "चढाला तोंड मिटून? औषधं घेतात गं हे. नक्की घेतात."

"सापडलेत का कधी?"

"सापडत नाहीत, हेच तर!"

हे म्हणताना तो खुर्चीच्या कडेला आला होता आणि त्याच्या टाचा आपोआप वरखाली होत होत्या. संशय डोक्यात होता, पायांना त्याचा पत्ताच नव्हता. आवाक्यापलीकडचं काही दिसलं की आपण आधी थरारतो, मग त्या थराराची लाज वाटून पुरावा मागतो. खरं काय ते मला घरबसल्या कळणार नाही. अंगावर आलेला काटा मात्र खरा होता.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला एक प्रेक्षक दिसला. त्या संघाला हिणवायला त्याने पुठ्ठ्याची हातभर लांब इंजेक्शनची सुई करून आणली होती. चौघे अगदी त्याच्या अंगाजवळून आले. त्याने सुई उगारली, ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच बघत राहिला. मग त्याने ती सुई काखेत धरली, कारण टाळ्या वाजवायला त्याला दोन्ही हात हवे होते.