मोजलेल्या लाट्या

अमळनेरला आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड एकटीने कोणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पोळपाट-लाटणं आपापलं न्यायचं. मजुरी नाही. लाटता लाटता उडदाच्या पिठाची एखादी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, एवढंच.

कुसुमलताकडे बायका धावत जायच्या. तिचे मालक झुंबरलाल कापडाचे दुकानदार. घरात तेलातुपाला हात आखडता नव्हता, आणि कुसुमलता स्वतः लाट्या भरवायची. शेजारच्या ताईबाईला जरा जास्तच. ताईबाई शेतकऱ्याघरची. कुसुमलता टायफॉइडने पडली होती तेव्हा तिची वेणीफणीसुद्धा ताईबाईने केली होती.

मग झुंबरलालांच्या सख्ख्या भाच्याने दुकानात घोटाळा केला. फसवलं भाच्याने, शिक्षा झाली गल्लीला. कुसुमलताने मोलकरीण काढली, दूधवाला बदलला, गच्चीवर कॅमेरा बसवला. तरी त्या उन्हाळ्यात आम्ही पापडांना गेलोच. तिने प्रत्येकीपुढे लाट्या मोजून ठेवल्या आणि मधूनमधून लाटलेले पापड मोजायला येऊ लागली.

"ताईबाई, तुझ्यात एक कमी कसा?"

ताईबाईच्या तोंडात लाटी होती. तिने ती गिळली, पुढ्यातल्या लाट्या संपवल्या आणि पोळपाट उचलून घरी गेली.

पुढच्या वर्षी कोणीच फिरकलं नाही. कुसुमलता पीठ कुटून दाराशी बसून राहिली. शेवटी मला म्हणाली, ताईबाईला तेवढी आण, तिच्याशिवाय मला करमत नाही. मी गेले. मला वाटलं होतं, बोल ऐकावे लागतील. ताईबाईने लगेच पोळपाट घेतला. आम्ही तिघींनी लाटायला घेतलं. कुसुमलताने मोजलं नाही. एक लाटी तेलात बुडवून ताईबाईच्या तोंडापाशी नेली.

"नको वं माय, दात दुखस मना," ताईबाई म्हणाली. खाली मान घालून तिने सगळं पीठ संपवलं, हात धुतले आणि गेली.

दार लागताच कुसुमलता माझ्याकडे वळली. "खाल्लं का नाही तिने? माझ्या घरचं खायला भीती वाटते की काय? काहीतरी आहे तिच्या मनात."

"खाल्लं तरी संशय, नाही खाल्लं तरी संशय," मी म्हटलं. "त्यापेक्षा पापड विकत आण."

आता ती विकतच आणते. ताईबाईशी बोलणं आहे. नळाला पाणी आलं का, एवढंच.