बोंडअळीच्या वेळेत कानबाईची गाणी

तेव्हा मी जळगावच्या रेडिओ केंद्रावर कंत्राटी निवेदिका होते. महिन्यातून सहा दिवस माइक समोर असायचा आणि डोक्यात हवा तीसही दिवस. गल्लीतल्या बायका 'रेडिओवाली अक्का' म्हणत. केंद्र मीच चालवते, असा माझा समज. दर महिन्याला करारावर सही करायचे, मोत्यासारख्या अक्षरात. वाचायचे मात्र कधीच नाही.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी गायलेली कानबाईची गाणी केंद्रानं टेप केली होती, पण लागणार होती बुधवारी. सासूबाई म्हणाल्या, "देवी गई का मंग गाना कोनले ऐकाडशी?"

"रविवारीच लावते. माझ्या हातात आहे," मी म्हणाले.

रविवारी संध्याकाळी ड्यूटी माझीच होती. कागदावर कपाशीवरच्या बोंडअळीचं भाषण होतं, पंधरा मिनिटांचं. बोंडअळी कुठे पळून जाते, असं म्हणत मी गाण्यांची टेप चढवली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. समोर जामनेरचे एक नाना बसलेले. भाषण त्यांचंच. "अख्खं गाव चावडीवर बसवलं होतं मी," ते म्हणाले. "आता माझं भाषण लागेल म्हणालो आणि बायका गायला लागल्या. लोक अजून हसतायत."

साहेबांनी माझा करार पुढे सरकवला. "वाचा. मोठ्यानं. आवाज चांगला आहे तुमचा."

ठरलेल्या कार्यक्रमात निवेदकानं बदल करू नये. केल्यास पुढचं बोलावणं बंद. वाचताना तो चांगला आवाज कुठे गेला कोण जाणे.

"नानांशीही करार आहे," साहेब म्हणाले. "तारीख, वेळ, सगळं त्यात आहे."

"म्हणजे ठरवता तुम्ही?"

"मी कसला ठरवतो? कार्यक्रमांचा तिमाहीचा तक्ता वरून मंजूर होऊन येतो. तो मलाही मोडता येत नाही."

दोन महिने मला बोलावणं नाही. सासूबाईंनी विचारलं, "मंग तुना हातमा व्हतं काय?"

"बटण," मी म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात बोलावणं आलं, तेव्हा करार दोनदा वाचून सही केली. आणि पुढच्या वर्षी, श्रावणाचा तक्ता वर जायच्या आधीच गल्लीतल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. मंजूर झाला. कानबाईच्या रविवारी आधी नानांची बोंडअळी, मग आमची गाणी, दोन्ही कागदावर. मी घड्याळाकडे बघत एकेक मिनिट पाळलं.

घरी सासूबाई बोंडअळीपासूनच रेडिओला कान लावून बसल्या होत्या. आमच्याकडे कपाशीचं बोंडही नव्हतं.