बापूसाहेबांच्या कपाटातली पिशवी

"तुमच्या लोकायले कायचा आला टॅक्स? तुमी त सरकारचे जावई."

कारंज्यातल्या टॅक्सच्या वकिलानं हे मला तोंडावर म्हटलं. कापसाचे दोन व्यापारी शेजारी बसले होते. ते हसले. मी हसले नाही, पण उठूनही गेले नाही. हे आधीच सांगून टाकते. मी बसून राहिले.

मी मानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. दवाखान्यात कंत्राटी लॅब टेक्निशियन आहे, लोकांचं रक्त काढते, तपासते. पगारातून कर कापला जायचा. सोबतची सिस्टर म्हणाली, रिटर्न भर, कापलेलं परत येतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी रिटर्न भरला नव्हता. म्हणून मी त्या दिवशी ठेवणीतला ड्रेस घालून एसटीत बसले होते. आता त्याचीच जास्त लाज वाटते.

वकिलानं ओटीपी विचारला, मी सांगितला. त्यानं माझी माहिती उघडली आणि त्याचं हसणं थांबलं.

"काय वं, तू रक्त काढतं का विकतं? एवढी ठेव?"

मी वाकून पाहिलं. माझं नाव, माझा पॅन. खाली एका पतसंस्थेतल्या मुदत ठेवीचं व्याज. माझ्या वर्षाच्या पगाराहून ते व्याज मोठं होतं. त्या पतसंस्थेचे अध्यक्ष आमच्याच गावचे, बापूसाहेब. माझे बाबा त्यांच्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारे. बाबांची उभी हयात त्यांच्या वावरात गेली.

"हे माझं नाही," मी म्हणाले.

वकील फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा आवाजात साखर होती.

"पाय पोरी, व्याज तुयंच दाखवू. टॅक्स बापूसाहेब भरतीन. ठेव कुठून आली असं कोणी इचारलं, त सांगजो, बापाच्या शेतीतून."

"माझ्या बाबांना शेती नाही."

"कागदावर असते वं."

व्यापारी पुन्हा हसले. बाबांच्या हाताची कातडी त्या वावरात सोलून निघाली. एक धुरा, शेताचा एक बांधसुद्धा त्यांच्या नावावर नाही. आणि माझ्या सहीनं ते कागदावर बागाईतदार होणार होते, तेही चोराच्या सोयीसाठी.

मी रिटर्न न भरता निघाले. एसटीत खिडकीशी बसून आठवत गेले, माझा पॅन त्यांच्याकडे गेला कसा? आणि आठवलं तेव्हा थू माझ्या जिंदगीवर, असंच वाटलं.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. आमची घरं गळतात, भिंतींना वाळवी. म्हणून प्रत्येक घरानं आपले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बापूसाहेबांच्या लोखंडी कपाटात ठेवायचे. पिशवीवर बापाच्या नावाची चिठ्ठी. कागद लागला की त्यांच्या ओसरीखाली, चपलांजवळ उभं राहायचं. त्यांची लहर लागली की पिशवी मिळायची. याला आम्ही भरवसा म्हणायचो. म्हाताऱ्यांना तर त्याचा अभिमान होता.

मी अठराची झाले तेव्हा त्यांनीच बाबांना सांगितलं होतं, "पोरगी शिकून राह्यली, तिचा पॅन काढून देतो." पाच-सहा जागी माझ्या सह्या घेतल्या. मी वाचलं नाही. बारावी सायन्सची पोरगी मी, आणि वाचलं नाही. उलट त्यांच्या पाया पडले. त्यांचा पाय अजून माझ्या कपाळाला लागतो.

घरी येऊन सगळं सांगितलं. माय चुलीपुढून उठलीच नाही. बाबांना बापूसाहेबांचा फोन आधीच आला होता.

"पोरी, करून टाक सही," ते म्हणाले. "एक सहीच त हाय."

"बाबा, ती खोटी आहे."

"तुया लहान बहिणीचे कागद त्यायच्या कपाटात हायेत. तुया आज्याचा शाळेचा दाखला बी तिथंच. तो नसन त तिची जातपडताळणी कशी होईन? तिचं नर्सिंग जाईन. माह्यं साल जाईन. या वयात मले कोण ठेवते?"

आणि बाबांनी माझ्यापुढे हात जोडले. बापूसाहेबांपुढे जोडतात तसेच. माझ्या बापानं मला हात जोडले, या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला मरेपर्यंत माफ करणार नाही.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. सही करावी, सुटावं, असं शंभरदा वाटलं. लहान बहीण फक्त माझ्याकडे पाहायची, आणि ते मला सहन होत नव्हतं.

रिटर्नची मुदत संपायला आली. रविवारी सकाळी मी विहाराच्या पायरीवर बसले, तिथं रेंज येते. मोबाइलवर स्वतःच रिटर्न भरायला घेतला. शेवटी एक घोषणा येते. मी, अमुकची मुलगी, सांगते की दिलेली माहिती खरी आहे. अमुकच्या जागी बाबांचं नाव होतं.

मी ते नाव पाहत राहिले. गावात त्यांना कोणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. 'अरे' म्हणतात, फार तर नाव मोडून. इथं ते अख्खं लिहिलेलं होतं, आडनावासकट. त्या नावाखाली मी चोरी ठेवणार होते.

मी मागे गेले. त्या व्याजाच्या नोंदीसमोर अभिप्रायाची जागा असते, त्यात एक पर्याय आहे: ही माहिती नाकारली आहे. मी तो दाबला. रिटर्नमध्ये फक्त माझा पगार लिहिला. मग घोषणा केली. रिटर्न गेला.

तिथून सरळ बापूसाहेबांकडे गेले. चपला काढल्या नाहीत. ओसरीखाली थांबले नाही, पायऱ्या चढून वर गेले.

"आमची पिशवी द्या."

ते पेपर वाचत होते. "बापाले पाठव."

"पिशवी माझ्या घरची आहे. आणि ती ठेव मी नाकारली आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे नाही, माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"सांग तुया बापाले, उद्यापासून येऊ नको म्हणा."

पिशवी दिली नाही.

बाबा आता घरी बसून असतात. माझ्याशी बोलत नाहीत. साल मोडलेल्या माणसाला गावात दुसरं काम मिळत नाही, आणि हे मी केलं आहे, हेही मला माहीत आहे. बहिणीची पडताळणी अडली आहे. आजोबांच्या शाळेत मी दोनदा जाऊन आले. रजिस्टर जुनं आहे, सापडत नाही म्हणतात. तिसऱ्यांदा जाईन. दहादा जाईन. दाखल्याची नक्कल हातात पडेपर्यंत त्या शाळेच्या दारातून हलणार नाही.

कर खात्याची नोटीस आली तर माझ्या नावानं येईल. येऊ दे. ठेव कोणाची, सह्या कुठं घेतल्या, पाया कोणाच्या पडले, सगळं लेखी देईन. आणि वस्तीतल्या एकेका घरी जाऊन विचारते आहे, तुमची पिशवी कुठं आहे? त्या कपाटात अजून अकरा घरांच्या पिशव्या आहेत. त्या सगळ्या बाहेर काढल्याशिवाय मी मरणार नाही.